सीलबंद रेकॉर्ड आणि काकांचं नादस्वरम

संगीत ऐकण्यासाठी असतं, हे सत्य मानवजातीला काही हजार वर्षांपूर्वी गवसलं आणि तेव्हापासून त्याला कुणी गंभीर आव्हान दिलेलं नाही. चेन्नईत समुद्राजवळच्या एका बंगल्यात मात्र ते अजून पोचायचं आहे.

त्या बंगल्यात मी माझ्या काकांना घेऊन गेले होते. तिथून बाहेर पडताना जो राग डोक्यात शिरला तो अजून पुरता उतरलेला नाही. उतरावा अशी माझी इच्छाही नाही.

काका म्हणजे माझ्या वडिलांचे धाकटे भाऊ. लग्न केलं नाही, आमच्याबरोबरच वेस्ट मांबलमच्या फ्लॅटमध्ये राहतात. आम्ही मूळचे तंजावरकडचे. घरात जी मराठी बोलतो ती पुस्तकातली नव्हे. मी पुस्तकातली नंतर शिकले. पुण्याहून बदलीवर आलेल्या एका शेजारणीने आमचं बोलणं ऐकून एकदा कौतुकाने विचारलं होतं, "किती गोड. कन्नड का?"

काकांची सगळी नोकरी गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत झाली, पत्र्याचे भाग ठोकणाऱ्या एका लहान कारखान्यात. दिवसभर प्रेस मशीन चालायच्या. दर वर्षी आयुधपूजेला मालक स्वतः येऊन प्रत्येक मशीनला चंदन-कुंकू लावत, भोपळा फोडत, भाषण करत: यंत्र ही देवता आहे. देवतेसमोर रोज आठ तास उभ्या राहणाऱ्यांनी कानात घालायचा कापूस घरून आणायचा असे. म्हातारपणी काकांचा उजवा कान गेला. डाव्याची तपासणी झाल्यावर डॉक्टर म्हणाले, हाही जाईल, कधी ते सांगता येत नाही. त्यांनी एक मशीन दिलं, कानामागे लावायचं. त्यातून बारीक आणि उंच आवाज सगळ्यात आधी ऐकू येतात. माणसाचं बोलणं धूसर, पण चमचा पडला की काका दचकतात.

दवाखान्यातून येताना ते रिक्षात म्हणाले, "अगे, तो कान जाण्याआधी ती रेकॉर्ड एकदा ऐकायची आहे. पूर्ण. नादस्वरमसकट."

कुठली रेकॉर्ड ते मला विचारावं लागलं नाही. ती कॅसेट ऐकतच मी लहानाची मोठी झाले होते.

त्या काळी परदेशी रेकॉर्ड विकत घेणं आमच्यासारख्यांच्या आवाक्यातलं नव्हतं. मौंट रोडच्या मागच्या गल्लीत एक दुकान होतं. तिथे दुकानदाराकडच्या रेकॉर्डमधून एक निवडायची, कोरी कॅसेट द्यायची आणि काही दिवसांनी भरलेली घेऊन यायची. काकांनी एकदा कव्हर बघून एक निवडली. समुद्रात उतरणारा दगडी जिना आणि त्यावर मुकुट घातलेला बगळा. इटालियन मुलांचा चमू, सत्तरच्या दशकातला. ज्याला प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणतात ते संगीत: एकेक गाणं एकेका जेवणाइतकं लांब, त्यात ऑर्गन, व्हायोलिन, मधेच वादळ, आणि कशाबद्दल आहे ते वाजवणाऱ्यांनाही माहीत नसावं. काकांना भाषा कळत नव्हती, पण ताल कळला. ते गाणं सात मात्रांत होतं. आमच्या घरात कीर्तनं आणि कर्नाटक संगीत पोटात असल्यापासून ऐकलेलं. सात मात्रा म्हणजे मिश्रचापू. प्रेस मशीनच्या ठोक्यांतून सुटून आलेले काका संध्याकाळी खुर्चीत बसत आणि मांडीवर हात मारत त्या इटालियनांना साथ देत.

आणि शेवटी नादस्वरम वाजायचं, आमच्याकडची लग्नातली लांब सनई. कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला ऑर्गन हळूहळू चढत जायचा आणि अगदी टोकाला पोचला की त्याच सुरावर नादस्वरम सुरू व्हायचं, तविलच्या ढोलासकट. चाळीसहून जास्त वर्षं काका भेटेल त्याला सांगत आले: इटलीच्या पोरांनी आपलं नादस्वरम घेतलं, आणि कसं घेतलं बघा.

माझाही लहानपणी यावर विश्वास होता. मग घरातल्या इतर कॅसेट ऐकता ऐकता माझ्या लक्षात आलं की त्या दुकानदाराला रिकामी टेप सहन होत नसे. गिऱ्हाइकाने पूर्ण टेपचे पैसे दिलेत तर पूर्ण टेप भरलीच पाहिजे, ही त्याची नीती. रेकॉर्ड संपली, अडकली किंवा त्याला जेवायला जायचं असलं, की उरलेल्या जागेत तो हाताला लागेल ते भरायचा. आमच्याकडच्या एका सिनेगीतांच्या कॅसेटच्या शेवटी सुप्रभातम् होतं. इटालियनांच्या नशिबी लग्नातलं नादस्वरम आलं, आणि योगायोगाने सूर जुळला. हे मी काकांना कधी सांगितलं नाही. कसाला सांगायचं?

आता त्या कॅसेटची टेप प्लेअरने गिळून कधीच संपवली होती, दुकान गेलं होतं, आणि काकांना चमूचं नाव आठवत नव्हतं. फक्त बगळा आठवत होता.

मी कॉलेजात इंग्रजी शिकवते. महाकाव्यं शिकवून शिकवून मला भव्यतेचा व्यावसायिक कंटाळा आहे. अशा बाईने सत्तरच्या दशकातल्या विस्मृत रॉक चमूंच्या रानात शिरणं म्हणजे शाकाहाऱ्याने खाटकाचा हिशेब लिहिण्यासारखं होतं. पण काकांचा कान माझ्यासाठी थांबणार नव्हता. मी कॉलेजला जाता-येता बसमध्ये ऐकायला सुरुवात केली. एका डॅनिश चमूने समुद्राच्या निर्मितीवर रेकॉर्डची एक अख्खी बाजू खर्च केली होती. समुद्र तयार व्हायच्या आत मला डुलकी लागली. एका हंगेरियन गाण्यात बासरीवाल्याला गाणं संपल्याचं कुणी सांगितलेलं दिसत नव्हतं. राजे, जादूगार, अंतराळातून परतलेले प्रेषित. वीस-बावीस वर्षांच्या पोरांनी विश्वाचा इतका भार डोक्यावर घेतलेला मी आधी फक्त परीक्षेच्या पेपरांत पाहिला होता.

आणि मग एका दुपारी कानात चिलीमधला एक चमू वाजत होता. एक बाई शब्दांशिवाय गात होती, मागे नुसती गिटार, आणि तिच्या आवाजात असं काही होतं की माझा स्टॉप मागे पडला, पुढचाही पडला. सैदापेटहून उलट चालत येताना मी ते पुन्हा लावलं. त्या लोकांनी एकच रेकॉर्ड काढली होती. कुणी विकत घेतली नाही, कंपनी बुडाली, माणसं पांगली. मला पहिल्यांदा राग आला तो तेव्हा. इतकं सुंदर काही जगात होतं आणि ते जवळपास कुणीच ऐकलं नव्हतं.

दुसऱ्यांदा राग आला तो ते ज्यांच्याकडे आहे त्यांचा. या संगीताच्या शौकिनांच्या इंटरनेटवर सभा भरतात. तिथे मला बगळा सापडला. मुकुट, जिना, सगळं जसंच्या तसं. खाली पुरुषांची रांग: माझ्याकडे पहिली छपाई आहे, माझ्याकडे तिचं पोस्टरही आहे, माझ्याकडे सीलबंद आहे. संगीत कुठेही ऐकायला मिळत नव्हतं, कारण कंपनी नाहीशी झाली होती आणि हक्क कुणाचे ते कुणाला माहीत नव्हतं. मी विचारलं, दुसऱ्या बाजूचा शेवट कसा आहे ते कुणी सांगेल का? उत्तरं आली. कव्हरच्या कागदाचं वजन कळलं. लेबलचे दोन रंग कळले. शेवट कसा आहे ते एकालाही सांगता आलं नाही.

सीलबंद प्रतवाले गृहस्थ मात्र निघाले आमच्याच शहरातले.

मोठ्या कंपनीतून निवृत्त झालेले, समुद्राजवळ बंगला, आणि त्यात महिन्यातून एकदा रविवारी सकाळी भरणारं श्रवणमंडळ. अध्यक्ष तेच. आम्हाला यायला सांगितलं. काकांनी इस्त्रीचा शर्ट घातला, मशीनमध्ये नवी बॅटरी घातली आणि वाटेत दोनदा विचारलं, "उशीर नाही ना होत?"

चपला बाहेर, फोन पितळी घंगाळात, खोकायचं असेल तर व्हरांड्यात. आत आठ-दहा पुरुष अर्धवर्तुळात. मी आत गेल्यावर एकाने नम्रपणे विचारलं, "कॉफीसाठी आत अध्यक्षांच्या मॅडमना मदत करणार का?" मी म्हटलं, मॅडमना गरज असेल तर तुम्ही करा, तुम्ही दाराजवळ आहात. तो हसला. तो विनोद आहे असं त्याला वाटलं.

अध्यक्षांनी पांढरे सुती हातमोजे घातले आणि कपाटातून ती रेकॉर्ड काढून छातीसमोर धरली. प्लॅस्टिकच्या आवरणातून बगळा आमच्याकडे बघत होता. मग ते इंग्रजीत बोलले, आणि बराच वेळ बोलले. ही केवळ रेकॉर्ड नाही. हा एका युगाचा श्वास आहे. देवळात दीपाराधनेच्या वेळी होते तशी शांतता. काका पुढे वाकून, डावा कान त्यांच्याकडे करून ऐकत होते. सगळं संपल्यावर काकांनी तमिळमध्ये विचारलं, "लावणार ना आता?"

अध्यक्ष हसले. "सर, सील आहे."

"मग फोडा की."

अर्धवर्तुळातून एक हलका धक्का गेला. अध्यक्षांनी रेकॉर्ड किंचित मागे घेतली.

"फोडली तर ती ती राहणार नाही, सर."

"फोडली नाही तर ती काय आहे? थाळी?"

मी मधे पडले. काकांचा कान जाणार आहे, त्यांना फक्त एकदा ऐकायची आहे, आम्ही लांबून नाही पण आशेने आलोय, असं सगळं सांगितलं. अध्यक्षांनी मान हलवली, दुःखाने, जसं अर्ज नाकारताना हलवतात. म्हणाले, आम्ही आज जपानमधल्या एका चमूच्या रेकॉर्डची दुसरी, उघडलेली प्रत ऐकणार आहोत, तुम्ही थांबा. काकांना अर्धवट ऐकू आलं असावं, कारण ते एकदम सगळ्यांना सांगू लागले. दुसऱ्या बाजूला ऑर्गन चढतो, आणि शेवटी नादस्वरम येतं, तविलसकट. मिश्रचापू. त्यांनी मांडीवर ताल धरून दाखवला.

आधी एकजण हसला. मग सगळे. मोठ्याने नव्हे. चांगल्या घरातले लोक हसतात तसं, नाकाने.

"असं काही या रेकॉर्डवर नाही, सर," अध्यक्ष म्हणाले.

मी विचारलं, "तुम्ही ऐकलीय?"

"मी ही रेकॉर्ड जाणतो."

"ऐकलीय का, ते विचारतेय."

"मॅडम, काही गोष्टी ऐकण्याच्या पलीकडच्या असतात."

नादस्वरम त्या रेकॉर्डवर नाही हे तिथे बसलेल्यांपैकी फक्त मला माहीत होतं. तरी मी काकांच्या बाजूने होते, आणि त्यात मला जराही अडचण वाटली नाही. चुकीचं का होईना, काकांनी ते वर्षानुवर्षं कानांनी ऐकलं होतं. या माणसाने प्लॅस्टिक पाहिलं होतं.

बाहेर चपला घालताना काकांनी कानातलं मशीन बंद केलं. रिक्षात बसले. मग म्हणाले, "अस्के हासले."

"हसू देत सगळ्यांना. त्यांना काय कळतंय."

"मी खोटं सांगितलं असं वाटलं त्यांना." बाहेर बघत होते. "तुज आठवतं ना, अगे? नादस्वरम होतं ना?"

मी म्हटलं, "होतं." ते खरंच होतं. कॅसेटवर.

त्यानंतरचे काही आठवडे मी ज्या चिकाटीने ती दुसरी बाजू शोधली, तिच्यामागे प्रेमापेक्षा संताप जास्त होता. पण ती सापडू नये असंही वाटायचं, कारण सापडली तर काकांना त्यात नादस्वरम मिळणार नव्हतं. मग नाकाने हसणारे बरोबर ठरणार होते, आणि ते ऐकवणारी मी असणार होते. डाव्या कानाचं रोज थोडं कमी होत होतं. टीव्हीचा आवाज वाढवला की खालच्या मजल्यावरून झाडूच्या दांड्याने छत ठोकलं जायचं. पुढे पुढे काकांना ते ठोकणंही ऐकू येईनासं झालं.

शेवटी पोलंडमधल्या एका निवृत्त शिक्षिकेने उत्तर दिलं. तिच्या भावाने मागे ठेवलेल्या रेकॉर्डमध्ये बगळा होता. ओरखडलेला, कोपरा उंदराने खाल्लेला. तिला त्याची किंमत माहीत होती की नाही ते मी विचारलं नाही आणि तिने सांगितली नाही. तिने रेकॉर्ड लावली, स्पीकरसमोर फोन ठेवला आणि दुसरी बाजू पाठवून दिली. हातमोजे नाहीत, अध्यक्ष नाहीत.

मी ती आधी एकटीने ऐकायला हवी होती. पण काका समोरच बसले होते आणि माझ्या चेहऱ्यावरून त्यांना कळलं.

"आली का?"

जेवणाच्या टेबलावर स्पीकर ठेवला. काकांनी पंखा बंद करायला लावला, मशीनचा आवाज वाढवला आणि डावा कान स्पीकरला जवळजवळ टेकवला. ऑर्गन सुरू झाला. ओरखड्यांचा चरचराट होता, तरी तोच. त्यांचा हात मांडीवर चालू लागला, तीन आणि चार, तीन आणि चार. ऑर्गन चढला. जिथे आमच्या कॅसेटवर नादस्वरम सुरू व्हायचं ती जागा आली, आणि तिथे एक इटालियन माणूस गाऊ लागला.

काकांचा हात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "काका, ते दुकानदार..."

"शू. अजून जालं नाही."

तो माणूस गात राहिला. मग व्हायोलिन आलं, मग सगळे एकदम, मग एकेक करून सगळे गेले. ऑर्गनचा एकच सूर उरला आणि तोही विरत गेला. मी सांगायचं कसं याची वाक्यं जुळवत होते. आणि त्या विरत्या सुरामागून एक बारीक, चिरका सूर निघाला. आधी थरथरत, मग भरत, चढत, इतका चढला की काकांनी कान जरा मागे घेतला. कुठे मोडणं नाही, श्वास घेणं नाही. मग तो एकदम थांबला.

काकांनी बोट वर केलं.

"ऐकलंस?"

मी ऐकलं होतं.

"लहान केलंय," ते म्हणाले. "तविल काढून टाकलंय. दुकानदाराकडे मोठी प्रत असणार. पण नादस्वरम आहे. आहे की नाही?"

"आहे."

"सरी. त्या प्लॅस्टिकवाल्याला पाठव."

मी पाठवली. जास्त विचार न करता, अत्यंत आनंदाने पाठवली. आठवडाभर उत्तर आलं नाही. मग बोलावणं आलं.

या खेपेला काकांना पुढची खुर्ची होती. सीलबंद प्रत एका लाकडी स्टँडवर उभी होती, शेजारी कुथुविळक्कू लावलेला, आमच्याकडची उभी समई. अध्यक्षांनी माफी मागितली नाही. त्यांनी सांगितलं की मंडळाने एक महत्त्वाचा शोध लावला आहे. या रेकॉर्डच्या अखेरीस दक्षिण भारतीय सुषिर वाद्याचा निःसंशय प्रभाव आढळतो. मागच्या खेपेस नाकाने हसलेला एकजण वहीत लिहून घेत होता. दुसऱ्याने सांगितलं की त्याला हे नेहमीच जाणवत आलं होतं. एकाने राग कुठला ते ओळखलं, शेजाऱ्याने दुसरा ओळखला, आणि दोघांत थोडी तेढ झाली. मग माणसाच्या उंचीच्या त्या स्पीकरमधून मी पाठवलेली फाइल लागली. शेवट आला तेव्हा सगळ्यांचे डोळे मिटलेले होते. अध्यक्षांनी हात हृदयाशी नेला. काका सगळ्यांकडे एकेक करून बघत होते, मशीन पूर्ण आवाजावर, मांडीवर ताल चालू.

मला त्या माणसांचा राग तेव्हाही येत होता, आजही येतो. पुढच्या डिसेंबरच्या संगीत-हंगामात अध्यक्ष या विषयावर दोन संगीतसभांमध्ये व्याख्यान देणार आहेत. सील अजून फोडलेलं नाही.

पोलंडच्या बाईंनी दुसरी बाजू पाठवली त्याच संध्याकाळी मला कळवलं होतं. शेवटी वाजते ती त्यांची शिट्टीवाली किटली. चहाचं पाणी उकळलं होतं.